भिवंडीच्या कामगाराला पाळीच्या वेळेची बस हवी

भिवंडीत यंत्रमाग आहेत, माणकोली-पूर्णा पट्ट्यात मोठमोठी गोदामे आहेत. रोजी आहे, पण तिथवर पोहोचायचे कसे? भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर, गाड्या मोजक्याच. म्हणून ठाणे-कल्याणहून येणाऱ्या अनेक कामगारांची भिस्त शेअर रिक्षावर. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. मार्ग सुमारे २५ किलोमीटरचा. मात्र मेट्रो गोदामाच्या दारात येत नसते. स्थानकापासून पुढे पाळीच्या वेळेला बस हवीच. जाता-येता दहा-दहा रुपये वाचले, तरी २६ दिवसांत ५२० रुपये घरी जातात. मागमालक व गोदामवाल्यांनी आपापल्या पाळ्यांच्या वेळा लिहून एसटी आणि महापालिकेकडे एकत्र अर्ज करावा. कारागीर वेळेवर आला तर माग वेळेवर सुरू होतो. फायदा दोघांचाही आहे.