कसरतीची द्विपंखी विमाने

अशी विमाने तोलताना वेगापेक्षा आम्ही आधी पाहतो ते नाक-शेपटीच्या अक्षाभोवती फिरणे. भारतीय हवाई दलाचे अनेक वैमानिक ज्यावर शिकले ते टायगर मॉथ घ्या: भरलेले वजन 828 किलो, 130 अश्वशक्ती, पंखविस्तार 8.9 मीटर. अमेरिकी पिट्स एस-1एस 521 किलोचे, 180 अश्वशक्तीचे. विस्तार अवघा 5.3 मीटर!

पऱ्हाटीची लांब काडी मधोमध धरून मनगटाने उलटसुलट फिरवा, मग आखूड. यवतमाळच्या कोणत्याही वर्गात फरक हाताला कळेल. लांब पंखांना हवाही अधिक अडवते. शिवाय फिरवणारे एलेरॉन टायगर मॉथच्या खालच्याच पंखांना, पिट्सच्या चारही पंखांना. आणि उलटे उडताना टायगर मॉथचे इंजिन बंद पडते. त्याचे इंधन वरच्या पंखातल्या टाकीतून केवळ गुरुत्वाने उतरते.