समाजमाध्यमांवरील वैयक्तिक माहितीचे संरक्षण

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांसारखी समाजमाध्यमे वापरताना व्यक्तीची ओळख, संपर्क, ठावठिकाणा, छायाचित्रे व नातेसंबंध यांविषयीची माहिती तिच्या इच्छेविरुद्ध इतरांच्या हाती जाऊ नये, यासाठी योजलेल्या तांत्रिक, वैयक्तिक आणि कायदेशीर उपायांना समाजमाध्यमांवरील वैयक्तिक माहितीचे संरक्षण असे म्हणतात. ही माहिती खातेधारकाप्रमाणेच त्याच्या मित्रयादीतील व्यक्तींकडूनही बाहेर जाऊ शकते.

माहितीचे प्रकार

नाव, जन्मतारीख, शाळा, व्यवसाय इत्यादी माहिती वापरकर्ता स्वतः देतो. त्याच्या आवडीनिवडी, स्थान आणि मोबाइलचा तपशील वापरातून आपोआप गोळा होतो. याखेरीज सामूहिक छायाचित्रात नाव जोडणे किंवा मोबाइलमधील संपर्कयादी ॲपला देणे, अशा कृतींतून इतरांची माहितीही पुरवली जाते. सुटा तपशील निरुपद्रवी भासला, तरी जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव व शाळेचे नाव एकत्र आल्यास त्यांचा उपयोग परवलीचा शब्द बदलण्यासाठी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे देण्यास होऊ शकतो.

केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण

मित्रांमार्फत होणाऱ्या माहितीगळतीचे हे ठळक उदाहरण २०१८ मध्ये उघडकीस आले. संशोधक अलेक्झांडर कोगन यांनी तयार केलेले व्यक्तिमत्त्व चाचणीचे ॲप वापरणाऱ्यांच्या माहितीसोबत त्यांच्या फेसबुकवरील मित्रांचीही माहिती गोळा करण्यात आली आणि ती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीला पुरवण्यात आली. फेसबुकच्या निवेदनानुसार भारतात हे ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते. मात्र त्यांच्या मित्रांसह ५,६२,४५५ व्यक्तींची माहिती उघड झाल्याची शक्यता होती. जगभरात हा आकडा सुमारे ८.७ कोटी होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

संरक्षणाचे उपाय

* जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक व मित्रयादी सर्वांना दिसणार नाही, अशी मांडणी निवडणे.
* प्रत्येक खात्यासाठी वेगळा परवलीचा शब्द ठेवणे आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करणे.
* खात्याला जोडलेल्या चाचण्या, खेळ व ॲप यांच्या परवानग्या वेळोवेळी तपासून अनावश्यक परवानग्या रद्द करणे.
* प्रवासातील छायाचित्रे परतल्यानंतर प्रसिद्ध करणे.
* इतरांचे, विशेषतः मुलांचे, छायाचित्र संमतीशिवाय प्रसिद्ध न करणे.

भारतातील कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी के. एस. पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क (सी) नुसार दुसऱ्याचा परवलीचा शब्द किंवा ओळख फसवणुकीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मात्र व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला, तसेच एखाद्याने खासगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा अधिनियम लागू होत नाही. त्यामुळे माहिती प्रसिद्ध करण्यापूर्वीची स्वतःची व आप्तमित्रांची दक्षता महत्त्वाची ठरते. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवता येते.