पदवीधरांचे धंदे आणि कापसाचा हंगाम

विद्यापीठाचा पदवीधर नोकरीच्या पाठीस लागतो, स्वतःचा धंदा काढीत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे खापर बहुधा तरुणाच्या भित्र्या स्वभावावर फोडले जाते. यवतमाळ जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर हे निदान वरवरचे आहे.

अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. येथील महाविद्यालये त्याच्याच कक्षेत येतात. त्यांतील पुष्कळ विद्यार्थी कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या घरांतले. अशा घरातला पैसा जूनमध्ये पेरणीस जातो आणि दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली म्हणजे परत येतो, आला तर. पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावर आधीच चढलेला असतो, आणि उताऱ्यावर अनेकदा वडिलांबरोबर चुलत्यांचीही नावे असतात. तीच जमीन मुलाच्या धंद्यासाठी तारण ठेवावयाची कशी? विदर्भातील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी जी साहाय्ययोजना जाहीर केली, तिच्या सहा जिल्ह्यांत यवतमाळ होता. पाऊस आणि भाव यांच्याशी दरवर्षी पैज लावणाऱ्या घराने मुलास शिकविलेले असते ते निदान एकाचा तरी पगार ठरल्या तारखेस यावा म्हणून. त्याने धंदा काढणे म्हणजे घराने दुसरी पैज लावणे होय. याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

सरकारी साहाय्य नाही असे नव्हे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्जदाराने प्रकल्पखर्चाचे अवघे ५ ते १० टक्के स्वतः घालावयाचे. १५ ते ३५ टक्के अनुदान, बाकी बँकेचे कर्ज. तथापि खरी अडचण दुकान उघडल्यानंतरची आहे, आणि तिकडे फारसे कोणी पाहत नाही. एखाद्या कृषिपदवीधराने तालुक्याच्या गावी बी-बियाणे व खते यांचे दुकान घातले असे समजा. जूनमध्ये दोन लाखांचा माल उधारीवर गेला. वसुली कापूस विकल्यावर. मधल्या चार-पाच महिन्यांत घाऊक व्यापाऱ्याचा तगादा आणि बँकेचा मासिक हप्ता हे दोन्ही चालूच. जुना दुकानदार मागील पुंजीवर तग धरतो. नवख्याजवळ ती कोठून असणार? दुचाकी दुरुस्तीचे दुकान काढले तरी गिऱ्हाईक तेच, आणि त्याचा खिसा त्याच हंगामात भरणारा.

पीककर्जाची मुदत हंगाम पाहून ठरविली जाते. त्याच गावात, त्याच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानाचे हप्तेही डिसेंबर ते मार्चमध्ये अधिक व पावसाळ्यात कमी असे ठेवण्यास प्रत्यवाय दिसत नाही. व्याजाची सूट मिळण्यापेक्षा नवख्यास याचा उपयोग अधिक होईल.