जपानी व्हिस्की जगात भारी कशी ठरली? आणि यात गोव्याचा काय विषय?

व्हिस्की म्हणजे स्कॉटलंड, हे समीकरण जपाननं मोडलं. कसं?

१९१८ मध्ये मासाताका ताकेत्सुरू हा तरुण स्कॉटलंडला गेला आणि तिथल्या डिस्टिलरीत काम शिकला. परतल्यावर त्यानं शिंजिरो तोरी यांची यामाझाकी डिस्टिलरी उभी करायला हातभार लावला. साल १९२३. पुढं १९३४ मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली, तीच आजची निक्का.

जगानं खरी दखल घेतली ती २००० नंतर. 'व्हिस्की बायबल'च्या २०१५ च्या आवृत्तीत यामाझाकीची एक व्हिस्की जगात पहिली आली. मागणी इतकी वाढली की २०१८ मध्ये सनटोरीला 'हिबिकी १७'ची विक्री थांबवावी लागली. कारण १७ वर्षं मुरवलेला माल रातोरात तयार होत नाही.

मग घोळ झाला. बाहेरून आणलेली व्हिस्की 'जपानी' म्हणून खपू लागली. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या उत्पादकांच्या संघटनेनं नियम केला: आंबवणं आणि डिस्टिलेशन जपानमध्येच, लाकडी पिंपात किमान ३ वर्षं.

आता आपला विषय. भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. युरोपात तिला व्हिस्की म्हणताच येत नाही, तिथं धान्यच लागतं. म्हणून गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या 'पॉल जॉन'नं बार्लीपासून सिंगल माल्ट बनवली आणि २०१२ मध्ये थेट लंडनमध्ये उतरवली. गोव्याच्या उकाड्यात ती लवकर मुरते, पण पिंपातून उडूनही जास्त जाते.

थोडक्यात, लेबलवरच्या देशाच्या नावाआधी दोन गोष्टी बघायच्या: कशापासून बनली आणि किती वर्षं मुरली.