निजामशहाचा पोर्तुगीज वैद्य

ओझरच्या बाणगंगेकाठी किंवा शेताच्या बांधावर सहज नजर टाकली तरी निर्गुडी, धोतरा, कडुनिंब ही झाडं दिसतात. आपल्या आज्यांना त्यांचे गुण तोंडपाठ असत आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्यांना मानाचं स्थान आहे. युरोपच्या वैद्यांना मात्र या वनस्पतींची सविस्तर ओळख करून दिली ती १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पुस्तकाने. लेखकाचं नाव गार्सिया द ओर्ता. धंद्याने वैद्य, कागदोपत्री ख्रिस्ती, जन्माने ज्यू. त्याने पोर्तुगीज सेनापतीची चाकरी केली आणि नाशिकचा मुलूखही ज्याच्या अंमलाखाली होता, त्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार केले.

ओर्ताचा जन्म १५०१च्या सुमारास पोर्तुगालच्या स्पेनलगतच्या सरहद्दीवर, कास्तेलो द विद या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनचे. १४९२ साली स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा हजारो कुटुंबांसोबत तेही सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशा घराण्यांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, आणि पिढ्या उलटल्या तरी हा शिक्का पुसला जात नसे. ओर्ता या शिक्क्यानिशी वाढला. सालामांका आणि अल्काला इथे वैद्यक शिकून तो परतला, गावी आणि मग लिस्बनमध्ये त्याने वैद्यकी केली आणि १५३०पासून लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला.

एवढं बस्तान बसलेलं असताना १२ मार्च १५३४ रोजी तो जहाजात बसला. मार्तिम अफोन्सो द सोझा हा सेनापती हिंदुस्थानात निघाला होता, त्याचा खासगी वैद्य म्हणून. ओर्ताने देश सोडला त्यानंतर दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये धर्मन्यायाधिकरण, म्हणजेच इन्क्विझिशन, स्थापन झालं. वाऱ्याची दिशा शहाण्या माणसाला आधीच कळली असणार.

मोहिमांपासून दरबारापर्यंत

१५३४च्याच सप्टेंबरात जहाज गोव्याला लागलं. पुढची काही वर्षं ओर्ता सोझाच्या आरमाराबरोबर दीव, काठेवाड, वसई असा फिरत राहिला. याच काळात गुजरातचा सुलतान बहादूरशहा सोझाला काय म्हणाला, ते ओर्ताने नोंदवून ठेवलं आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान, इराण असा फेरफटका मारावासा वाटला, की सुलतान थोडी भांग खाई. ब्राझीलचा उल्लेखही नेमका आहे, कारण हिंदुस्थानात येण्याआधी सोझा तिथेच मोहिमेवर होता.

गोव्यात स्थिरावल्यावर ओर्ताची वैद्यकी बहरली. तिथे त्याने एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या ब्रियांदा द सोलिस या मुलीशी लग्न केलं. १५४२ मध्ये सोझा गव्हर्नर म्हणून परतला आणि ओर्ताचा जुना आश्रयदाता गोव्याच्या गादीवर बसला. तरीही १५४३ मध्ये, सोझाच्याच कारकिर्दीत, जेरोनिमो दियश या नव्या ख्रिस्ती वैद्याला पाखंडाच्या आरोपावरून गोव्यात देहदंड देऊन जाळण्यात आलं. त्याच शहरात, त्याच धंद्यात असलेल्या ओर्ताला या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती.

अहमदनगरची हवा निराळी होती. १५३७ साली शिया पंथ स्वीकारलेल्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी इराणी आणि अरब विद्वान होते. शहाला वैद्यकाची मनापासून आवड होती. रोगांची आणि औषधांची अरबी नावं तो ओर्ताला सांगे, आणि ओर्ता त्याला लॅटिन नावं शिकवी. दोघे बुद्धिबळही खेळत. दरबारच्या हकिमांशी ओर्ता वाद घाली, कारण अविसेना या जुन्या वैद्याचे ग्रंथ वाचलेल्या दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा कळत होती. गोव्यात जे कूळ लपवावं लागत होतं, त्याचं अहमदनगरच्या शहाला काही वावडं नव्हतं. रुग्ण बरा होतो की नाही, एवढाच तिथे प्रश्न होता.

एकोणसाठ संभाषणं

या तीस वर्षांच्या निरीक्षणांचं पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून निघालं. ‘कोलोकियुश’, म्हणजे हिंदुस्थानातल्या वनस्पती, औषधं आणि वैद्यकीय उपयोगाच्या वस्तूंविषयीची संभाषणं. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. छपाईच्या चुका इतक्या, की शेवटी शुद्धिपत्राची कित्येक पानं जोडावी लागली. अर्पणपत्रिका सोझाला आहे. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची पहिली छापील कविता याच पुस्तकात आली.

विद्वानांच्या लॅटिनऐवजी ओर्ताने ते बोलभाषेत, पोर्तुगीजमध्ये लिहिलं आणि त्याला संवादाचं रूप दिलं. रुआनो नावाचा काल्पनिक विद्वान स्पेनहून येतो आणि ग्रीक-रोमन ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतो. मध्येच अंतोनिया ही घरातली दासी झाडपाला घेऊन येते, मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन आपलं मत देतो. ग्रंथात लिहिलं आहे म्हणून ते खरं मानायला ओर्ता तयार नाही. प्राचीनांची थोरवी तो मानतो. पण ज्या झाडाखाली आपण रोज बसतो, त्याच्याबद्दल ते झाड न पाहिलेल्याचा शब्द तो प्रमाण धरत नाही.

पटकीचं वर्णन या पुस्तकाचं सर्वांत मोलाचं पान आहे. लोक या रोगाला मोडशी म्हणत, हेही त्याने लिहून ठेवलं. नाडी बुडणं, थंड घाम, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे गोळे आणि काही तासांत ओढवणारा मृत्यू ही सारी लक्षणं त्यात आहेत. रोगाचा जोर जून-जुलैत असतो, हेही त्याने टिपलं आहे. युरोपीय वैद्याने केलेलं आशियाई पटकीचं हे पहिलं नेमकं वर्णन मानलं जातं. धोतऱ्याच्या प्रकरणात चोर अन्नात धोतरा मिसळून माणसाला भ्रमिष्ट कसं करतात, ते सांगितलं आहे. कडुनिंबाचा पाला घोड्याची चिघळलेली जखम भरून आणतो, अशीही नोंद आहे.

इथल्या वैद्यांविषयी त्याचं मत सरसकट गौरवाचं नाही. शरीररचनेचं त्यांचं ज्ञान त्याला तोकडं वाटे. पण आपली औषधं लागू पडली नाहीत, की तो त्यांची औषधं देई आणि तसं छापून सांगे. एकेका औषधाचं नाव तो अरबी, गुजराती, मलबारी आणि दख्खनी लोकांच्या बोलीत देतो. साडेचार शतकांपूर्वी आपल्या भागात झाडांना काय म्हणत, याचा हा अस्सल पुरावा आहे.

मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आजच्या टाउन हॉलच्या मागे त्याचा वाडा होता. तिथला आपला आंबा वर्षातून दोनदा फळतो, असं त्याने कौतुकाने लिहिलं आहे.

कातारिना

ओर्ताच्या दोन बहिणींना १५४७ साली लिस्बनच्या न्यायाधिकरणाने पकडलं होतं. सुटल्यावर आई आणि बहिणी गोव्याला भावाच्या आसऱ्याला आल्या. पण १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही येऊन पोचलं. ‘कोलोकियुश’ छापायला व्हाइसरॉयबरोबर इन्क्विझिटरचीही परवानगी होती, आणि ती पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेली आहे.

१५६८ मध्ये ओर्ता वारला. तो होता तोवर बड्या आश्रयदात्यांचं आणि त्याच्या औषधांचं कवच घराला होतं. तो गेला आणि वर्षभरात कातारिना या बहिणीला अटक झाली. छळाखाली घेतलेल्या जबान्यांतून भावाचंही नाव निघालं: तो मनाने ज्यूच राहिला होता. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढून जाळण्यात आली.

तोवर पुस्तक हाताबाहेर गेलं होतं. कारोलुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला १५६४ मध्ये लिस्बनमध्ये त्याची प्रत मिळाली. त्याने केलेला लॅटिन संक्षेप १५६७ साली अँटवर्पमध्ये छापला गेला आणि पुढची कित्येक वर्षं युरोपचे वैद्य तोच वाचत राहिले. १९१३ मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅमने इंग्रजी भाषांतर केलं. पोर्तुगालने ओर्ताचं चित्र वीस एस्कुदोंच्या नोटेवर छापलं, आणि पणजीतल्या जुन्या बागेला त्याचं नाव आहे.

काउंट फिकाल्योने १८८६ मध्ये ओर्ताचं थोर चरित्र लिहिलं, पण त्याला कातारिनाची आणि उकरलेल्या हाडांची हकिगत ठाऊक नव्हती. ती न्यायाधिकरणाच्या दप्तरात पडून होती. १९३४ साली, म्हणजे ओर्ता हिंदुस्थानात आल्याला चारशे वर्षं होत असताना, सिल्वा कार्वाल्यो या पोर्तुगीज डॉक्टर-इतिहासकाराने ते कागद छापले. तेव्हापासून अभ्यासक ‘कोलोकियुश’ निराळ्या नजरेने वाचतात. शेकडो झाडांविषयी, राजांविषयी, व्यापाऱ्यांविषयी भरभरून बोलणारा हा माणूस आपल्या कुळाविषयी मात्र अवाक्षर काढत नाही, आणि त्या मौनाचं कारण आता कातारिनाच्या खटल्याच्या कागदांत सापडतं.