रोज तोच व्यायाम, तरी फरक शून्य? शरीर जिथे अडतं, धंदाही तिथेच का अडतो ते वाचा!

जानेवारीत जिम लावली. पहिले दोन महिने मजा आली. जिना चढताना धाप लागेनाशी झाली, पँट सैल झाली, चार लोकांनी "बारीक झालास काय रे?" असं विचारलंही. मग एप्रिल उजाडला आणि सगळं थांबलं. रोज जाताय, घाम गाळताय, पण वजनाचा काटा हलत नाही आणि हातातले डंबेल्सही तेच १० किलोचे. जिममधली पोरं याला 'प्लॅटो लागला' म्हणतात. सरळ मराठीत सांगायचं तर चढ संपला आणि पठार लागलं.

गंमत म्हणजे हीच तक्रार दुकानदारांकडूनही ऐकू येते. "पहिली तीन वर्षं जोरात होती. आता गिऱ्हाईक आहे, पण वाढत नाही." शब्द वेगळे, दुखणं बरंचसं एकच. म्हणून आधी शरीराचं काय होतं ते नीट समजून घेऊ, मग धंद्याकडे वळू.

शरीर मोठं कंजूष असतं

स्नायू बाळगणं महागडं काम आहे. ते बांधायला आणि टिकवायला अन्न लागतं. त्यामुळे गरज पडल्याशिवाय शरीर त्यावर खर्च करत नाही. तुम्ही पहिल्यांदा १० किलो उचलता तेव्हा शरीराला तो धक्का असतो. ते सावरतं आणि पुढच्या वेळेसाठी थोडी जास्त तयारी करून ठेवतं. पण सहा महिने तेच १० किलो, तेवढ्याच वेळा, त्याच क्रमानं उचललं तर त्यात धक्का कुठे राहिला? शरीराच्या दृष्टीनं ते आता भाजीची पिशवी उचलण्यासारखं झालेलं असतं.

सुरुवातीची प्रगती झपाट्यानं होते, त्याचंही एक कारण आहे. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद ही बरीचशी स्नायूंची नसतेच. मेंदू आणि नसा आहे तेच स्नायू नीट कामाला लावायला शिकतात, म्हणून वजन पटापट वाढतं. खरा स्नायू त्यानंतर बांधला जातो आणि ते काम हळू चालतं. म्हणजे वेग थोडा मंदावणं हा बिघाड नाही. महिनोन्‌महिने काहीच न हलणं हा मात्र बिघाड आहे.

यावरचा उपाय फार जुना आहे. प्राचीन ग्रीकांमध्ये क्रोटनच्या मायलो नावाच्या पैलवानाची दंतकथा सांगत. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासराचा बैल झाला तरी मायलो त्याला उचलतच होता. कथा अतिशयोक्त आहेच, पण तिच्यातली खुबी बघा: मायलोचा व्यायाम रोज तोच दिसत होता, वजन मात्र रोज नकळत वाढत होतं.

दवाखान्यात ही कल्पना रीतसर वापरली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघा जायबंदी झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असायचे. त्यांना हलक्या वजनाचे भरपूर व्यायाम देण्याची रीत होती. डीलॉर्मनं उलट केलं. वजन जड, उचलायचं कमी वेळा, आणि जमू लागलं की आणखी वाढवायचं. सैनिक लवकर सावरू लागले आणि १९४५मध्ये त्यानं ही पद्धत प्रसिद्ध केली. आज प्रत्येक जिममध्ये ऐकू येणारे 'दहाचे तीन सेट' त्याच्याच पद्धतीतून रूढ झाले. त्यातही पहिला सेट निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण आणि तिसरा पूर्ण वजनाचा, अशी मूळ चढण होती. आपण चढण विसरलो आणि आकडा तेवढा लक्षात ठेवला!

मग रोज नवीन काहीतरी करायचं का?

इथेच बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. कंटाळा आला म्हणून सोमवारी झुंबा, मंगळवारी योग, बुधवारी रीलमध्ये दिसलेलं काहीतरी. 'स्नायूंना गोंधळात टाका' हा सल्ला सोशल मीडियावर फार चालतो. पण स्नायूला गोंधळ कळत नाही, त्याला भार कळतो. शिवाय रोज सगळंच बदललं तर कशानं फरक पडला हे तुम्हाला कधीच समजणार नाही.

त्यापेक्षा पाया तोच ठेवून एक गोष्ट बदलावी. समजा तुम्ही वर्षानुवर्षं रोज १२ सूर्यनमस्कार घालता. ते सोडू नका. आठवड्यातले तीन दिवस तेच १२ संथ गतीनं घाला आणि खाली जाताना हातांवर तोल धरून तीन सेकंद थांबा. दंड दुसऱ्याच दिवशी साक्ष देतील. पुण्यात रोज पर्वती चढणाऱ्यांनी पाठीवर दोन-तीन किलोची सॅक घ्यावी, किंवा एक दिवस दोनदा चढावं. आणि ज्यांचा सगळा व्यायाम म्हणजे फक्त चालणं आहे, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा सल्ला पुरेसा बोलका आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम तर हवाच, पण किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचाही हवा. बदलाची पहिली जागा तीच. (गुडघे, पाठ किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

आणखी एक गोष्ट, जी कष्टाळू माणसांना पचत नाही. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, विश्रांतीत वाढतो. पठार लागलं की लोक आणखी जोर लावतात, झोप कमी करतात आणि जास्तच अडकतात. म्हणूनच अनुभवी पैलवान आणि खेळाडू काही आठवड्यांनी एक हलका आठवडा घेतात. व्यायाम बंद नाही, पण भार कमी. व्यायाम बदलण्याआधी झोप आणि जेवण तपासावं, कारण कित्येकदा चोर तिथेच सापडतो.

आता धंद्याकडे: आकुर्डीची गोष्ट

यासाठी बजाज चेतकपेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. १९७२मध्ये आलेली ही स्कूटर मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. परवाना राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, आणि बनेल ती गाडी विकली जायची. धंदा म्हणून हे सुख होतं. शरीराच्या भाषेत मात्र हे रोजचे तेच १० किलो होते. गिऱ्हाईक दारात रांग लावून उभं असताना गाडी सुधारण्याचा भार कंपनीवर पडणार कुठून?

हा भार १९९१नंतर पडला. जास्त मायलेज देणाऱ्या मोटारसायकली लोकांना आवडू लागल्या, हिरो होंडा पुढे निघाली आणि स्कूटरचा बाजार आटला. तेव्हा बजाजनं व्यायाम बदलला. चाकणच्या नव्या कारखान्यातून २००१मध्ये पल्सर बाहेर पडली. मायलेजच्या शर्यतीत हिरो होंडाच्या मागे धावण्याऐवजी तरुणांना ताकद आणि रुबाब द्यायचा, असा तो डाव होता आणि तो जमला.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००९च्या अखेरीस राजीव बजाज यांनी स्कूटर बनवणंच बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. वडील राहुल बजाज यांनी आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली. पुढे गिअर नसलेल्या स्कूटरचा बाजार फुगत गेला आणि होंडाची अ‍ॅक्टिव्हा घराघरात पोहोचली. अखेर जानेवारी २०२०मध्ये बजाज पुणे आणि बंगळुरूत पुन्हा स्कूटर घेऊन आली. ती विजेवर चालणारी होती आणि नाव तेच, चेतक!

मोटारसायकलवर लक्ष एकवटण्याचा निर्णय कंपनीला भरपूर पैसे देऊन गेला, हे मान्य करायलाच हवं. तरी माझं मत विचाराल तर पल्सर म्हणजे भार बदलणं होतं, आणि स्कूटर सोडणं म्हणजे पायांचा व्यायाम कायमचा बंद करणं.

गिऱ्हाईक आणि स्नायू यांत एक मोठा फरक आहे

व्यायामाचा धडा धंद्याला जसाच्या तसा लावता येत नाही. स्नायूला बदल हवा असतो, गिऱ्हाइकाला बरेचदा नको असतो. कोका-कोलानं २३ एप्रिल १९८५ला आपल्या पेयाची चवच बदलली. चाचण्यांमध्ये लोकांनी नवी चव पसंत केली होती. तरीही अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की ११ जुलैला, म्हणजे ७९ दिवसांत, जुनी चव परत आणण्याची घोषणा करावी लागली.

तुमचं मिसळीचं दुकान असेल तर हे थेट लागू पडतं. रस्सा बदलू नका, लोक त्याच्यासाठीच येतात. शिळं झालेलं दुसरंच काहीतरी असतं. दुपारी तीन ते सहा रिकामी राहणारी टेबलं, पार्सल द्यायला लागणारा वेळ, दहा वर्षांत न बदललेली उधारीची वही. यातली एकच गोष्ट निवडा आणि दोन महिने तीच बदलून बघा. भाव, मेन्यू, फलक आणि कामगारांच्या वेळा एकाच वेळी बदलल्या तर गल्ला वाढला काय किंवा घटला काय, कारण सांगता येणार नाही.

हलक्या आठवड्याचंही तसंच. दिवाळीचा हंगाम ओढून काढलेल्या माणसांना लगेच नव्या शाखेच्या कामाला जुंपलं की चुका वाढतात आणि चांगली माणसं सोडून जातात. फक्त इथे एक अडचण आहे, शरीराला विश्रांती फुकट मिळते, दुकानात त्या दिवसांचाही पगार द्यावा लागतो. तो खर्च आधीच धरून ठेवणारे मालक फार थोडे.

सुरुवात करायची तर दोन्हीकडे साधन एकच, दहा रुपयांची वही. जिमच्या वहीत तारीख, वजन आणि किती वेळा उचललं ते. दुकानाच्या वहीत तारीख, गिऱ्हाइकांची संख्या आणि त्यातली नवी किती ते. महिनाभर काहीही न बदलता नुसतं लिहा. पठार खरंच लागलंय की नुसता कंटाळा आलाय, हे त्या वहीतूनच कळेल. कंटाळाच असेल तर जिमची वेळ किंवा सोबती बदलूनही भागतं.