रिकाम्या टाकीचा पावसाळा

मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून मोटरसायकली बाहेर पडू लागल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. आज महाराष्ट्रात कुणी जुनी जावा किंवा येझदी पुन्हा उभी करायला घेतली, की इंजिन मिस्त्रीकडे जाते, क्रोमचे भाग प्लेटिंगला जातात, चासी रंगाला जाते. टाकी बहुधा सर्वांत आधी उतरते आणि अगदी शेवटी बसते. मधले सहा महिने, कधी दोन वर्षे, ती माळ्यावर पडून असते. पिस्टन, बेअरिंग बदलता येतात. मूळ कारखान्याची टाकी आतून सडली, तर तशीच दुसरी मिळवणे फार अवघड.

तिची घडण पाहिली की धोका कुठे आहे ते कळते. पोलादी पत्रा दाबून केलेले भाग वेल्ड करून एकत्र जोडलेले असतात. बाहेर क्रोम आणि रंग चढतो. आतला पत्रा मात्र जवळजवळ उघडाच असतो. चासीच्या नळीवर घोड्याच्या खोगिरासारखी बसावी म्हणून टाकीला मधे खाच असते आणि दोन्ही बाजूंना खोल पोटे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते या पोटांत उतरते. पेट्रोलचा कॉक एकाच बाजूला असेल, तर दुसऱ्या पोटातले पाणी कॉक उघडूनही निघत नाही.

गाडीवर असताना पेट्रोल पत्र्याला झाकून ठेवते. त्यातच जावासारख्या टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्याचा पातळ थर आत राहतो. टाकी उतरवली, पेट्रोल काढले, की हवेला वाट मोकळी होते. दिवसा आतली हवा तापून फुगते आणि झाकणाच्या छिद्रातून बाहेर जाते. रात्री आकसते आणि बाहेरची ओली हवा आत ओढते. गार पत्र्यावर दव धरते. हवेतील आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि जुलैत मुंबई-कोकणात ती ८० टक्क्यांच्या वर असते. तळाशी उरलेले पेट्रोलही धड नसते. हल्ली त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते, आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन तळाला बसतात. थोडक्यात, उतरवलेली टाकी ठेवायची म्हणजे तिच्यातली हवा सांभाळायची.

सुरुवात सावधगिरीने करावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची ठरू शकते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एक ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून टाकी उघड्यावर, विडी-सिगारेट आणि विजेच्या यंत्रांपासून दूर रिती करावी. कॉक काढावा, दोन्ही पोटे कलती करून निथळवावीत आणि वाफ पूर्ण जाईपर्यंत झाकण उघडे ठेवावे. वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करायचे असेल, तर ते माहीतगारावरच सोपवावे.

आत गंज आधीच असेल, तर तो सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने काढतात. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने उरलेले आम्ल मारतात आणि गरम पाण्याने धुतात. हा क्षण नाजूक. नुकताच उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस होऊ लागतो. गरम हवेने तो लगेच खडखडीत वाळवून त्यावर तेल चढवायचे.

तेल टू-स्ट्रोक गाडीसाठी टू-टी ऑइलच घ्यावे. थोडे आत राहिले तरी पेट्रोलमध्ये मिसळून जळून जाते. फोर-स्ट्रोकच्या टाकीला इंजिन ऑइल चालते, पण बसवण्यापूर्वी ती पेट्रोलने धुवावी लागते. एक-दोन कप तेल ओतून टाकी आडवी, उभी, उलटी फिरवावी. शिवण आणि छताकडचा भाग विसरू नये, कारण तेल ओघळून खाली येते आणि गंज वरून सुरू होतो. म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी टाकी पुन्हा फिरवावी.

नंतर कॉकचे भोक आणि झाकणाचे तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करावे. टाकी लवकरच रंगवून घ्यायची असेल आणि तेल नको असेल, तर सिलिका जेलची पुडी दोऱ्याने आत लोंबती सोडतात. निळे दाणे गुलाबी झाले की बदलावेत किंवा तापवून वाळवावेत. तेल आणि सिलिका जेल एकत्र नको. तेलाने दाणे निकामी होतात. तिसरा मार्ग व्हीसीआयचा, म्हणजे वाफेतून गंज रोखणाऱ्या कागदाचा. वाहनांचे सुटे भाग याच कागदात गुंडाळून परदेशी जातात. त्यातून निघणारी वाफ बंद जागेत पसरून धातूवर सूक्ष्म थर धरते. तोंड उघडे राहिले, तर ती निघून जाते.

बाहेरून सुती कापड गुंडाळावे. प्लास्टिकखाली घाम धरतो आणि रंगाला फोड येतात. टाकी सिमेंटच्या जमिनीवर न ठेवता फळीवर, सावलीत, तापमान फार वर-खाली होत नाही अशा जागी ठेवावी. बुचे मारलेली टाकी उन्हात कधीच नको.

जुन्या गाडीच्या मालकांना टाकी म्हटले की रंग आठवतो, आणि रंगाऱ्याला पैसेही मोकळ्या हाताने दिले जातात. पण आतून पातळ झालेल्या पत्र्यावर कोणताही रंग टिकत नाही. शिवणीपाशी सुईच्या टोकाएवढे भोक पडून पेट्रोल पाझरले, की केलेले सगळे काम पुन्हा खरवडावे लागते. गाडीच्या खर्चात टाकीतल्या तेलाचा आकडा सर्वांत लहान असतो. तो टाकी उतरवली त्याच दिवशी खर्च करावा.